तारा एअर: विमानं तीन, अपघात एकच

29 मे 2022, रविवार. पोखराहून जोमसोमला जायला तारा एअरचं एक ट्विन ऑटर सकाळी दहाला पाच कमी असताना उडालं, आत 19 प्रवासी आणि 3 क्रू असे 22 जण, आणि प्रवास म्हणाल तर जेमतेम वीस मिनिटांचा. पोचलंच नाही. दिवसभर ढग, पाऊस, हेलिकॉप्टर जातायत आणि हात हलवत परत येतायत, शेवटी कॅप्टनच्या मोबाईलच्या लोकेशनवरून साधारण जागा कळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यात सानोस्वारे नावाच्या ठिकाणी, साडेचौदा हजार फुटांच्या आसपास, डोंगराच्या अंगावर तुकडे सापडले. कोणीच वाचलं नाही. त्यात चार भारतीय होते, ठाण्याचं एक कुटुंब, त्यामुळे आपल्याकडे दोन-तीन दिवस बातम्या चालल्या आणि मग विषय मागे पडला.

त्या बातम्यांमधली लोकांच्या लक्षात राहिलेली एकच गोष्ट म्हणजे विमान 43 वर्षं जुनं होतं. 1979 चं विमान, म्हणजे भंगारच की, नेपाळवाले असली विमानं उडवतात तर पडणारच, असं कोणीही म्हणून मोकळं होतं. ऐकायला पटतं पण. प्रॉब्लेम असा आहे की ह्याच कंपनीचं, ह्याच रूटवरचं, सहा वर्षं आधी पडलेलं विमान अगदी कोरं होतं, ताफ्यात येऊन काही महिनेच झालेले. म्हणून हे सगळं प्रकरण एकदा नीट मांडून बघू, कारण एका अपघाताचा रिपोर्ट वाचला तर वाटतं पायलट चुकला, पण एकाच कंपनीचे तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले की तेवढ्यावर समाधान होत नाही.

आधी कंपनीबद्दल थोडं. यती एअरलाइन्स ही नेपाळची खासगी कंपनी 1998 पासूनची. त्यांनी 2009 मध्ये डोंगरातल्या छोट्या धावपट्ट्यांची सर्व्हिस वेगळी काढून त्याची तारा एअर केली, म्हणजे काठमांडू-पोखरा वगैरे मोठे रूट यतीकडे आणि लुक्ला, जोमसोम, जुम्ला असली अवघड ठिकाणं ताराकडे. विमानं मोजकीच, ट्विन ऑटर आणि डॉर्निअर 228. ट्विन ऑटर हे 19 सीटचं कॅनडाचं दोन इंजिनांचं विमान, छोट्या ओबडधोबड पट्टीवर उतरायला आणि उडायला ह्याच्यासारखं दुसरं नाही असं पायलट लोक म्हणतात, 1965 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि मध्ये प्रॉडक्शन बंद पडून नंतर दुसऱ्या कंपनीने पुन्हा चालू केलं इतकी त्याला मागणी. त्यामुळे विमानाच्या डिझाइनला दोष द्यायला फारशी जागा नाहीये.

पण ह्या विमानाची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ट्विन ऑटरची केबिन प्रेशराइज्ड नसते. म्हणजे आपल्या नेहमीच्या एअरबससारखं पस्तीस हजार फुटांवर जाऊन आरामात डोंगरांच्या वरून जाणं ह्याला शक्य नाही, प्रवाशांना ऑक्सिजन कमी पडायला लागेल. आता पोखरा ते जोमसोम बघा. पोखरा साधारण 2,700 फुटांवर, जोमसोम 9,000 फुटांच्या जवळ, आणि मधे काली गंडकीची दरी, एका बाजूला धवलगिरी 8,167 मीटर आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा 8,091 मीटर. फुटांत सांगायचं तर दोन्हीकडे सव्वीस हजाराच्या वरच्या भिंती आणि तुम्ही बारा हजाराच्या आसपास त्यांच्या मधून चाललाय. वरून जाता येत नाही, मधूनच जायचं. आधी घोडेपाणीची खिंड ओलांडायची, मग दरीत शिरायचं, मग लेते गावावरून जोमसोम. दरी जिथे अरुंद होते तिथे एकदा आत शिरल्यावर वळून परत यायलाही जागा हिशोबाने वापरावी लागते.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघून करायचं असतं. जोमसोमला ढगातून खाली आणणारी कुठली सिस्टम नाही, पुण्या-मुंबईला जसं पायलट ढगातून इन्स्ट्रुमेंटवर उतरतो तसं इथे नाही. नियम साधा आहे, व्हिज्युअल फ्लाइट, म्हणजे पायलटला समोरचं दिसलं पाहिजे, ढगात शिरायचं नाही, शिरायची वेळ आली तर मागे फिरायचं. बस एवढाच नियम. माळशेज घाटात पावसाळ्यात धुकं आलं तर आपण गाडी कडेला लावू शकतो, विमानाला तीही सोय नाही, त्याला पुढेच जावं लागतं, मग निदान योग्य दिशेला तरी जावं.

आता 2016. 24 फेब्रुवारीला सकाळी 7 वाजून 50 मिनिटांनी तारा एअर फ्लाइट 193 पोखराहून जोमसोमसाठी निघाली. 23 जण, त्यात दोन तान्ही मुलं. विमान ट्विन ऑटरचंच पण नवीन 400 सिरीज, कॉकपिटमध्ये मोठे डिजिटल स्क्रीन, डोंगर जवळ आला तर ओरडून सांगणारी सिस्टम, सगळं फॅक्टरीतून आलेलं. म्याग्दी जिल्ह्यात दाना गावाजवळ जवळपास अकरा हजार फुटांवर हे विमान डोंगराला धडकलं, सगळे गेले. चौकशी आयोगाने जे कारण दिलं ते वाचून मी दोनदा मागे जाऊन पाहिलं, हवामान चांगलं नसतानाही क्रूने व्हिज्युअल फ्लाइटमध्ये असूनसुद्धा वारंवार ढगात शिरायचा निर्णय घेतला, आपण नेमके कुठे आहोत ह्याचं भान सुटलं, नेहमीच्या मार्गावरून विमान बाजूला गेलं आणि डोंगरावर आदळलं. वारंवार हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा चुकून ढगात गेलो असं नाही. गेले, बाहेर आले, परत गेले.

आणि ती ओरडणारी सिस्टम? ती ओरडत होती. जमीन जवळ येतेय असे इशारे त्या फ्लाइटमध्ये वाजले आणि ते मनावर घेतले गेले नाहीत.

इथे पायलटला शिव्या घालायच्या आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर सगळं मूर्खपणाचं वाटतं. ही वॉर्निंग सिस्टम बनवली आहे ती मोठ्या, सपाट, नीट रस्त्यांनी उडणाऱ्या विमानांच्या हिशोबाने. तिच्याकडे जमिनीचा नकाशा असतो, तुमचा वेग आणि दिशा असते, आणि समोर डोंगर येतोय असं गणित आलं की ती टेरेन टेरेन, पुल अप पुल अप असं बोलायला लागते. काली गंडकीच्या दरीत डोंगर कायमच समोर असतो. स्वच्छ ऊन पडलेलं आहे, पायलटला सगळं दिसतंय, तो रोजच्या सारखा दरीच्या वळणाने वळणार आहे, पण मशीनला ते माहीत नाही, ते बोंबलतच राहतं. म्हणजे चांगल्या दिवशी ही वॉर्निंग बहुतेक वेळा खोटी. महिन्यात कित्येक फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या कानाला मग तिची सवय होते, मग वैताग यायला लागतो, आणि मग एक बटण असतं ते दाबलं की वॉर्निंग गप्प. त्या बटणाला इन्हिबिट म्हणतात. ते बटण अशाच ठिकाणांसाठी दिलेलं असतं, म्हणजे दिसत असताना दाबायला हरकत नाही, पण ज्या दिवशी दिसत नाही त्या दिवशी ते बटण परत काढायचं कोणाच्या लक्षात राहणार?

2022 च्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच आहे. आयोगाने दिलेलं संभाव्य कारण असं की क्रू नकळत ढगात गेला, त्या अवस्थेत विमानाची दिशा नीट तपासत आणि सांभाळत राहिला नाही, आणि टेरेन वॉर्निंग सिस्टम इन्हिबिट केलेली होती. म्हणजे 2016 ला वॉर्निंग वाजली पण कोणी ऐकली नाही आणि 2022 ला ती ऐकायची सोयच बंद. मधल्या सहा वर्षांत फरक काय पडला तर एवढाच. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे, 43 वर्षांचं वय नाही. त्या जुन्या विमानाची इंजिनं बंद पडली म्हणून किंवा पंख तुटला म्हणून हा अपघात झाला असं आयोगाने म्हटलेलंच नाही. चालतं विमान, चालवणारी माणसं शुद्धीवर, आणि सरळ डोंगरात. ह्या प्रकाराला विमान वाहतुकीत वेगळं नावच आहे, सीएफआयटी म्हणतात, ताब्यात असलेलं विमान जमिनीवर आदळणं.

2022 च्या रिपोर्टमध्ये अजून एक मुद्दा आहे जो आपल्या बातम्यांमध्ये आलाच नाही. कॅप्टन खूप सीनियर आणि कोपायलटला त्या सेक्टरचा अनुभव कमी, दोघांमधलं अंतर जास्त, आणि कॉकपिटमध्ये एकमेकांशी जे बोलणं, तपासणं, टोकणं व्हायला पाहिजे ते कमी पडलं. आता हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. ज्याने कुठल्याही ऑफिसात पहिली दोन वर्षं काढलीयत त्याला माहितीये की साहेबांना तुमचं चुकतंय हे तोंडावर सांगणं किती जड जातं, साहेब वीस वर्षं हेच करतायत, आपण काल आलोय, आणि समोर पांढरं धुकं आहे. सर, मागे फिरूया का, एवढं वाक्य बोलायला जे बळ लागतं ते ट्रेनिंगमध्ये मुद्दाम घडवावं लागतं, आपोआप येत नाही. मोठ्या एअरलाइन्समध्ये ह्याच्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. मूठभर विमानांच्या कंपनीत पायलट सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कोणाचा गुरू, कोणी कोणाला चेक केलं, त्यामुळे तिथे हे उलट जास्त अवघड असणार असं मला वाटतं.

तिसरा अपघात, म्हणजे क्रमाने पहिला, 15 डिसेंबर 2010 चा. कंपनीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. लामीडांडाहून काठमांडूला येणारं ट्विन ऑटर ओखलढुंगा जिल्ह्यात जंगलाच्या डोंगरावर आदळलं, 22 जण गेले, बहुतेक प्रवासी भूतानचे यात्रेकरू, हलेसीचं दर्शन करून परत निघालेले. इथेही डोंगर आणि ढग. जास्त लिहीत नाही कारण गोष्ट तीच आहे.

तर 22, 23 आणि 22. बारा वर्षांत तीन अपघात, 67 माणसं, तिन्हीमध्ये एकही वाचलं नाही. एक विमान जुनं आणि एक नवं, एक डिसेंबरात, एक फेब्रुवारीत, एक मे महिन्यात, तेव्हा वय म्हणा, सीझन म्हणा, कशावरच दोष ढकलता येत नाही.

तारा वेगळी व्हायच्या आधी ही विमानं यतीच्याच नावावर उडायची, तो हिशोबही जोडायला हवा, नाहीतर 2009 ला पाटी बदलली की मागचं सगळं पुसलं असं होईल. 2004 मध्ये लुक्लाजवळ मालवाहू ट्विन ऑटर, 3 क्रू गेले. 2006 मध्ये जुम्ला, 9. 8 ऑक्टोबर 2008 ला लुक्ला, ही जरा जास्त गाजली कारण प्रवाशांत 12 जर्मन पर्यटक होते, लँडिंगच्या वेळी अचानक धुकं भरून आलं, विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं आणि 18 गेले, फक्त कॅप्टन वाचला. लुक्लाची धावपट्टी 527 मीटर, चढावर, पुढे डोंगर आणि मागे दरी, तिथे शेवटच्या क्षणी उतरायचं रद्द करून परत वर जाता येत नाही, म्हणून यायचं की नाही हे खूप आधी ठरवावं लागतं, आणि परत मुद्दा तोच, दिसतंय की नाही.

मग 15 जानेवारी 2023, पोखरा, यतीचं एटीआर 72 जातीचं विमान, 72 मृत. हा अपघात ह्या माळेत बसत नाही आणि तरी बसतो. हवा स्वच्छ होती. नवीन विमानतळ सुरू होऊन पंधरा दिवस झालेले, अ‍ॅप्रोच अडचणीचा, घट्ट वळणाचा, आणि एक महिला कॅप्टन तो अ‍ॅप्रोच शिकत होती तर दुसरे सीनियर कॅप्टन शिकवायला शेजारी. उतरायच्या आधी फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, पुढे करायला सांगितलं गेलं आणि त्याच्याऐवजी शेजारचे दोन कंडिशन लिव्हर मागे ओढले गेले, ते लिव्हर त्या जागी गेले की पंख्यांची पाती वाऱ्याला धार करून उभी राहतात आणि इंजिन चालू असूनही ओढ शून्य. इंजिनातून पॉवर येत नाहीये हे उडवणाऱ्या पायलटने बोलून दाखवलं, पण लिव्हरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही आणि विमान सेतीच्या खोऱ्यात कोसळलं. डोंगर नाही, ढग नाही. पण रिपोर्टमध्ये पुन्हा एसओपी, म्हणजे ठरलेली कार्यपद्धत, पाळली नाही आणि कॉकपिटमधला समन्वय कमी पडला हे दोन मुद्दे आलेच. तेच विमान आधी आपल्या किंगफिशरकडे होतं ही माहिती तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर लई फिरली, जणू काही मल्ल्यांनीच पाडलं, तिचा अपघाताशी काडीचा संबंध नाही.

ह्या एका ग्रुपचे 2004 ते 2023 मधले वर सांगितलेले सात अपघात मिळून 169 माणसं होतात. ताफा किती छोटा आहे ते डोळ्यासमोर ठेवून हा आकडा वाचा. सहा ट्विन ऑटर गेली त्यात.

आता कोणी म्हणेल नेपाळमध्ये सगळ्यांचंच असं आहे, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. 2002 मध्ये शांग्रिला एअरचं ट्विन ऑटर जोमसोमहून येताना पडलं, 18. मे 2012 मध्ये जोमसोमलाच अग्नी एअरचं डॉर्निअर पडलं, 15 गेले, त्यात मुंबईची तरुणी सचदेव ही बालकलाकार, म्हणजे रसनाच्या जाहिरातीतली ती छोटी मुलगी, आणि तिची आई, जोमसोमपुढच्या मुक्तिनाथ मंदिराला निघालेल्या. 2014 मध्ये सरकारी नेपाळ एअरलाइन्सचं ट्विन ऑटर पोखराहून जुम्लाला जाताना, 18. म्हणजे डोंगर तेच, हवा तीच, विमानंही तीच, फक्त पाटी वेगळी. पण म्हणून ताराची जबाबदारी कमी होते असं मला वाटत नाही. उलट एकाच मार्गावर इतकी उदाहरणं डोळ्यासमोर असताना 2016 नंतर कंपनीने निदान एवढं तरी करायला हवं होतं की कुठल्या फ्लाइटला विमान ढगात गेलं, कुठे वॉर्निंग बंद केली, हे दर आठवड्याला तपासायचं आणि परत फिरून आलेल्या पायलटला काही बोलायचं नाही, उलट पाठ थोपटायची.

कारण दबाव खरा आहे. जोमसोमला साधारण अकरानंतर वारा इतका सुटतो की उतरणं बंद, म्हणजे कमाईची वेळ सकाळची मोजकी. तेवढ्यात जितक्या फेऱ्या होतील तितक्या. नेपाळी प्रवाशाचं भाडं वेगळं आणि परदेशी प्रवाशाचं डॉलरमधलं वेगळं, त्यात यात्रेचा सीझन, पोखरा विमानतळावर पहाटेपासून माणसं बसलेली, पुढच्या हॉटेलचं बुकिंग झालेलं, काउंटरवर आवाज चढलेले, आणि जोमसोमहून निरोप येतो की आता जरा उघडलंय. इथे आणि तिथे उघडलंय, मधे घोडेपाणीला काय आहे ते कोणी बघितलंय? 2022 च्या अपघातानंतर नेपाळच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने नियम काढला की आता फक्त निघायच्या आणि पोचायच्या ठिकाणचं नाही तर मधल्या सगळ्या मार्गाचं हवामान बघूनच परवानगी. चांगला नियम. पण 22 माणसं गेल्यावर हा नियम लिहावा लागतो म्हणजे त्याच्या आधी काय चालू होतं ह्याचा विचार करा.

ह्या अथॉरिटीचं दुखणं अजून वेगळं आहे, तीच विमानतळ चालवते आणि तीच सगळ्यांवर देखरेख करते, म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच. हे दोन भाग करा असं बाहेरच्या संस्था किती वर्षं सांगतायत आणि बिल संसदेत अडकून पडतं. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयकाओने, नेपाळच्या देखरेखीवर गंभीर शेरा मारला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपियन युनियनने नेपाळच्या सगळ्या एअरलाइन्स काळ्या यादीत टाकल्या. आयकाओचा शेरा 2017 मध्ये काढून टाकला गेला, युरोपची बंदी उठली नाही, 2022 आणि 2023 च्या अपघातांच्या वेळीही ती होतीच. गंमत अशी की तारा काही युरोपला उडणार नव्हती, त्यामुळे बंदीने तिचं धंद्यात थेट काहीच अडलं नाही. अपघाताची चौकशीही दर वेळी सरकार नवीन आयोग नेमून करतं, आयोग रिपोर्ट देतो, शिफारशी देतो आणि विसर्जित होतो, मागच्या आयोगाच्या शिफारशींचं काय झालं हे विचारायला कायमचं कोणी बसलेलं नाही. 2016 चा रिपोर्ट 2022 च्या कॉकपिटपर्यंत का पोचला नाही ह्याचं अर्धं उत्तर मला तरी इथे दिसतं.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. हुम्ला, डोल्पा अशा भागात आजारी माणसाला बाहेर काढायला, औषधं, तांदूळ न्यायला हीच छोटी विमानं असतात, ती बंद करा म्हणणं मुंबईत बसून सोपं आहे. तिथल्या लोकांकडे पर्याय नाही.

जोमसोमला मात्र आहे, आणि हा मुद्दा आपल्या कामाचा आहे कारण मुक्तिनाथला जाणाऱ्यांत मराठी माणूस भरपूर असतो, देवघरातला शाळिग्राम त्याच काली गंडकीतून आलेला. बेनीवरून रस्ता आहे, पूर्ण दिवस जातो, हाडं खिळखिळी होतात आणि पावसाळ्यात दरडी पडतात, तो काही सुरक्षित म्हणून मिरवायचा रस्ता नाही, पण तिथे ड्रायव्हरला थांबता येतं. ज्यांना विमानानेच जायचंय त्यांनी टूरवाल्याला विमान किती जुनं आहे हे विचारण्यात वेळ घालवू नये. विचारायचं ते हे की पॅकेजमध्ये पोखराला एक दिवस जास्तीचा ठेवलाय का, फ्लाइट सकाळची पहिली आहे का, आणि हवामानामुळे रद्द झाली तर पैसे परत मिळतात की बुडतात. तिसऱ्या प्रश्नावर टूरवाला अडखळला तर समजा की काउंटरवर भांडणाऱ्यांत उद्या तुम्हीही असणार, आणि फ्लाइट निघू द्या म्हणून जो दबाव त्या कॅप्टनवर येतो त्यात तुमचाही वाटा असणार.